लाटण्यावरची अंगठी

"चपला बाहेरच राहू द्या, मिस्त्री. खाली मणी सांडल्यात," खातूनभाभी म्हणाली.

माझं घर, माझा सोपा, आणि शेजारीण मला चपला काढायला सांगते! खांद्यावर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीची लोखंडी बॉडी, पाठीवरून घाम निथळतोय, आणि समोर सोपाभर बायका मांडी घालून बसलेल्या. मधोमध सतरंजी, सतरंजीवर वाट्या, वाट्यांत लाल-निळे-हिरवे मणी. आणि प्रत्येकीच्या हातात काय, तर लाटणं!

"मालन," मी ओरडलो, "परसात जायचं कसं मी? उडत?"

"अर्धा तास कळ काढा," बायको म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही तिनं. "अंगठी आज पहिल्यांदाच शिकतायत. मध्येच उठवलं की घातलेला वेढा सुटतो."

वेढा! मला वेढा शिकवत होती!

मी मुरलीधर लोहार. विट्यात कराड रोडला, घराला लागूनच, माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती माझ्याकडं भरायला टाकतो. आतली जळकी तार उपसायची, नवीन तार मोजून, वेढे घालून बसवायची, हे माझं काम. चिमटीत तार धरली की डोळे झाकून गेज सांगतो, मग ती केसासारखी असो नाहीतर सुंभासारखी. आणि दुष्काळाच्या साली, विहिरी तळाला जाऊन मोटारी कोरड्या चालायच्या आणि धडाधड जळायच्या, तेव्हा एका महिन्यात मी बेचाळीस मोटारी भरल्या होत्या. एकट्यानं. हे वाक्य त्या काळात मी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायचोच.

तर अशा माणसाला स्वतःच्या घरात तारेच्या वेढ्यापायी उंबऱ्यावर उभं केलं होतं. मी बॉडी दाणकन खाली ठेवली. वाट्यांतले मणी खडखडले. वृषाली म्हणून समोरच्या इमारतीतली नवी सून होती, तिच्या हातातलं लाटणंच निसटलं.

"हे चाललंय काय पण?" मी म्हणालो. "तारेत मणी ओवायचा आणि बोटाला गुंडाळायचा. याला क्लास लागतो होय?"

"लागतो," मालन म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम आहे."

"मग करा की."

हे ती इतक्या शांतपणे बोलली की बायकांचे हात थांबले. खातूनभाभीनं तोंडाला पदर लावला आणि डोळे मोठ्ठे करून माझ्याकडं बघत राहिली.

आता मागची गोष्ट सांगायला पाहिजे. दुकानाला लागून आमचाच एक गाळा होता, रिकामा. मालनला तो क्लाससाठी पाहिजे होता. महिला मंडळाच्या शिबिरात ती मण्यांचे दागिने शिकून आली होती, आणि दोन वर्षांत दोनाच्या दहा बायका झाल्या होत्या. सोपा पुरत नव्हता. मला त्या गाळ्यात भरलेल्या मोटारींचं वार्निश सुकवायची भट्टी टाकायची होती. सहा महिने आमची त्यावरून धुसफूस चाललेली. ती गाळ्याचं नाव काढायची, मी ताटावरून उठायचो. मी भट्टीचं नाव काढलं की तिचं लाटणं जोरात वाजायचं.

त्या दिवशी मला वाटलं, आज काय ते एकदाचं मिटवून टाकू.

"करतो," मी म्हणालो. "पण पैज. तुझ्या बोटात बसेल अशी अंगठी मी या सगळ्यांसमोर करून दाखवली, तर हा क्लास आजपासून बंद. गाळ्यात भट्टी."

"आणि नाही बसली तर?"

"नाही बसली तर गाळा तुझा! किल्ली आत्ता देतो. रंगसुद्धा मी लावून देतो!"

"अहो मिस्त्री, जरा विचार करून बोला," खातूनभाभी म्हणाली.

"विचार काय करायचाय? भाभी, मी तारेतला माणूस आहे."

मालननं एकदाच माझ्याकडं बघितलं. तो क्लास म्हणजे तिच्यासाठी काय होता, ते मला तेव्हाही माहीत होतं बरं का. रविवार आला की ती सकाळपासून गुणगुणायची. हे सगळं माहीत असूनही मी पैज लावली. राग आला की माझं असंच होतं.

"ठरलं," ती म्हणाली. "बसा. वृषाली, यांना एक लाटणं दे. आणि ती कागदाची पट्टी दे माप घ्यायला."

"लाटणं?" मी म्हणालो. "चपात्या करायच्यात का?"

"लाटण्याच्या मुठीला उतार असतो. बोटाला कागद गुंडाळायचा, तो मुठीवर जिथं बरोबर बसेल तिथं खूण करायची, आणि..."

"ते तुम्ही करा. माझ्याकडं मापाची पद्धत आहे."

आणि होतीच. आमच्या धंद्यात मोटर उघडली की पहिली गोष्ट म्हणजे तारेचं एक जुनं वेटोळं, जुनी कॉइल, अख्खी, न मोडता बाहेर काढायची. तिची लांबी, रुंदी, वेढे मोजायचे. त्याच मापाची नवीन करायची. शेतकरी दहा गोष्टी सांगतो, कंपनीची पाटी पुसलेली असते, पण जुनी कॉइल कधी खोटं बोलत नाही. माझ्या उस्तादानं मला हेच पहिलं शिकवलेलं. तीस वर्षं मी तसंच करत आलो होतो आणि एकही मोटर परत आली नव्हती.

मी सरळ आत गेलो. लोखंडी कपाट उघडलं. वरच्या खणात पत्र्याची डबी होती, तीत आमच्या लग्नातली अंगठी होती. सोन्याची, बारीक, मीच तिच्या बोटात घातलेली. डबीत असते म्हणजे सणासुदीला घालत असेल, जपून ठेवते बिचारी, एवढंच माझ्या डोक्यात आलं. अंगठी घेतली, दुकानात गेलो, व्हर्नियर काढला आणि आतलं माप घेतलं. साडेपंधरा एमएम. ड्रिलच्या डब्यात धुंडाळून त्या मापाचा दांडा काढला. तोही मोजला.

हे सगळं घेऊन मी सतरंजीवर येऊन बसलो. हातात सोन्याची अंगठी बघितली तशी मालनच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं, घाबरली.

"हिचं माप घेतलंय?" तिनं विचारलं.

"मग? लग्नाची अंगठी आहे. याच्याहून पक्कं माप कुठलं?"

"बरं," ती म्हणाली.

वृषाली काहीतरी बोलणार होती. मालननं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिला गप्प केलं. हे मी बघितलं, पण त्याचा अर्थ लावायला माझ्याकडं वेळ कुठं होता!

त्यांची मऊ तार मी हातातही धरली नाही. दुकानातली वीस गेजची तांब्याची घेतली, वर सोनेरी तपकिरी मुलामा असलेली. दीड वीत तोडली. वाटीतला सगळ्यात मोठा लाल मणी उचलला आणि तारेच्या बरोबर मध्यावर आणला. मणी दांड्यावर ठेवला, तारेची दोन्ही टोकं मागून फिरवून पुढं आणली.

"बघा हां," मी बायकांना म्हणालो. आता मीच शिकवायला लागलो होतो. "तार ओढून धरायची. ढिली सोडली की वेढा पसरतो. आणि वेढ्यावर वेढा चढवायचा नाही. एकाशेजारी एक, रांगेत."

दोन्ही टोकं मण्याच्या बुडाशी एकदा गोल फिरवली, तशी मण्याला तारेची चकती बसली. मग एक टोक डावीकडं, एक उजवीकडं, अंगठीच्या कड्यावर वेढे घालत गेलो. सात इकडं, सात तिकडं. उरलेली तार कटरनं तोडली आणि टोक टोचू नये म्हणून बारीक पकडीनं आत दाबलं. दांड्यावरून अंगठी सरकवून काढली आणि पुन्हा व्हर्नियर लावला. साडेपंधरा, तंतोतंत!

"या अल्ला, काय सुरेख झाली!" खातूनभाभी म्हणाली. मग मालनकडं बघून तिनं जीभ चावली.

सुरेख होतीच ती. आजही सांगतो, तशी अंगठी सोनाराच्या काचेत शोभेल. पाच नाही, नऊ मिनिटं लागली, पण तेवढं चालतंय.

"आण हात," मी म्हणालो.

मालननं उजवा हात पुढं केला. करंगळीशेजारच्या बोटात मी अंगठी सरकवली. पहिलं पेर गेलं. मधल्या सांध्याला अडली. मला वाटलं, घामानं अडली असेल. जरा फिरवून ढकलली. जाईना. जोर लावला.

"थांबा," मालन म्हणाली. "दुखतंय."

"सरळ ठेव की बोट!"

"सरळच आहे."

मी अंगठी काढली, व्हर्नियर लावला. साडेपंधरा. सोन्याची अंगठी मोजली. साडेपंधरा. दांडा मोजला, तोही साडेपंधरा.

"माप बरोबर आहे!" मी म्हणालो. "एका रेघेचा फरक नाही. हवं तर भाभी, तुम्ही बघा!"

"अंगठी मोजलीत, दांडा मोजलात," मालन म्हणाली. "माझं बोट कुणी मोजलं?"

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी खाली बघितलं. तिचा हात अजून माझ्या हातात होता. आता खोटं कशाला बोलू? लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, आणि ते बोट मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मधला सांधा सुजलेला नव्हता, तो तसाच वाढून बसला होता. लिंबाएवढा नाही, पण शेजारच्या बोटांच्या मानानं चांगलाच जाड. आणि बोट त्या सांध्यापासून जरासं करंगळीकडं झुकलेलं.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

उत्तर खातूनभाभीनं दिलं.

"मिस्त्री, अकरा वर्षं झाली. साबण लावून अंगठी मीच काढली होती. अर्धा तास लागला. रडत होती नुसती."

"भाभी, राहू दे," मालन म्हणाली.

"का राहू दे? गावभर सांगत फिरतात एकट्यानं बेचाळीस मोटारी भरल्या म्हणून!"

अकरा वर्षं म्हणजे दुष्काळाचं साल.

मग मला आठवायला लागलं, आणि एकदा आठवायला लागल्यावर थांबेना. हाताखालचा गडी त्या साली मोसमातच सोडून गेला होता. दुकानात मोटारींचा ढीग, दारात शेतकरी बसलेले. जळकी तार बॉडीतल्या खाचांतून, स्लॉटमधून, उपसणं हे या धंद्यातलं सगळ्यात दांडगं काम. ती पकडीत धरायची, पायानं बॉडी रेटायची आणि अंगात असेल नसेल तेवढ्या जोरानं ओढायची. मी नवीन कॉइल भरत बसायचो. मग तारा उपसत कोण होतं? मालन होती. सकाळचा स्वयंपाक करून यायची, रॉकेलच्या दिव्याच्या काचेसारखी काळी होऊन जायची. पूर्ण महिना. बेचाळीसच्या बेचाळीस मोटारी तिनं उपसल्या होत्या.

एका दुपारी पकड सटकल्याचा आवाज आला होता आणि तिचा हात बॉडीच्या कडेवर आपटला होता. मी पाठमोरा होतो. "काय झालं गं?" मी विचारलं. "काही नाही. तुम्ही भरा," ती म्हणाली. आणि मी भरत बसलो. मागं वळून बघितलं नाही. बोटाला हळद लावून चिंधी बांधलेली चार दिवस दिसत होती मला, पण कामाच्या घाईत चिंधी ती चिंधी, तिच्या आत बोट आहे हे कोण बघतं!

मला लाज वाटली. दहा बायकांच्या देखत, माझ्याच घरात, भरदिवसा. दुसरं कुठलं नाव नाही त्याला.

"मला सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

"सांगून काय झालं असतं? मोटारी थांबल्या असत्या का?" मालन म्हणाली. "आणि मला वाटलं, कधीतरी दिसेल. हातानंच तर वाढते रोज."

मी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. गाळ्याची किल्ली सोडवून सतरंजीवर ठेवली. तिनं ती उचलली आणि कंबरेला खोचली. उपकार नाही, आभार नाही. जिंकलेली वस्तू उचलतात तशी उचलली. मला ते आवडलं, खरं सांगतो.

मी उठायला लागलो.

"कुठं निघालात?" ती म्हणाली. "अंगठी कुठाय माझी?"

"अगं, हरलो की मी."

"पैज हरलात. पण करतो म्हणाला होतात ना? मग करून जा. आता पहिल्यापासून शिका. वृषालीच्या शेजारी बसा, ती पण आज पहिल्यांदाच करतेय."

बसलो. चपला केव्हाच काढल्या होत्या. वृषालीनं मला लाटणं दिलं आणि घाबरत घाबरत म्हणाली, "काका, कागद आधी सांध्यावर गुंडाळायचा. बोटाच्या बुडाशी माप घेतलं की अंगठी आत जात नाही. माझंही मघाशी तसंच झालं होतं."

मालननं हात पुढं केला. कागदाच्या पट्टीसाठी मी खिसा चाचपला, तर स्लॉटमध्ये घालायच्या इन्सुलेशन पेपरचा तुकडा निघाला. तोच घेतला. सगळ्यात जाड जागेवर, सांध्यावरून गुंडाळला. हळूच. गुंडाळताना माझा अंगठा त्या सांध्यावरून फिरला, तशी तिनं बोट जरा आखडलं आणि मग सोडून दिलं.

"दुखतं अजून?"

"थंडीत," ती म्हणाली. "नाहीतर नाही."

पेन्सिलनं खूण केली, कागद लाटण्याच्या मुठीवर चढवला, जिथं अडला तिथं रेघ मारली. सवय जाते थोडीच! तिथं मी व्हर्नियर लावून बघितलाच. साडेसतरा. दोन एमएमचा फरक. मोटारीत एवढा फरक पडला तर आतला रोटर बसतच नाही, ठोकून ठोकून मेलं तरी.

"रेघेच्या जरा वर, जाड बाजूला घ्या," मालन म्हणाली. "वेढे घातले की अंगठी आत आवळते. तुमची तार तर जास्तच."

"माझी का?"

"तुम्ही ओढता फार."

बायका आता हसल्या, आणि मीही हसलो. काय करणार, खरं होतं.

मी मण्यांच्या वाट्या तिच्यापुढं सरकवल्या. "कोणता?"

आधीच्या वेळी हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. तिनं बराच वेळ लावला. दोन-तीन वाट्यांत बोट फिरवलं आणि एक बारका हिरवा मणी काढला, काकडीच्या बीएवढा. मला लाल आवडतो. पण बोट तिचं होतं.

या वेळी त्यांचीच मऊ तार घेतली. तीस वर्षं हात ओढायला शिकलेला, त्याला सैल सोडायला सांगणं किती अवघड असतं म्हणून सांगू! पहिले दोनदा तार लाटण्यावर इतकी आवळली की निघेना. मालन माझ्या मनगटावर चापटी मारायची, "सोडा, सोडा." तिसऱ्या वेळी जमली. वेढे सात-सात नाही पडले, एकीकडं पाच, दुसरीकडं चार. मणी किंचित तिरका बसला. वृषालीची माझ्यापेक्षा चांगली झाली होती, हे तिनं अदबीनं कुणाला सांगितलं नाही एवढंच.

अंगठी मी मालनच्या बोटात घातली. सांध्याशी जराशी अडली. मी ढकलली नाही. थांबलो, तिरकी केली, फिरवली, आणि ती अलगद पलीकडं गेली.

"बसली गं बाई!" खातूनभाभीनं टाळीच वाजवली. "मिस्त्री, पंचवीस वर्षांनी साखरपुडा झाला तुमचा. पेढे आणा!"

मालननं हात लांब धरून अंगठी बघितली, मग जवळ आणून बघितली.

"मणी वाकडा बसलाय," ती म्हणाली.

"सरळ करू?"

"नको," ती म्हणाली आणि हात मागं घेतला.

पुढच्या रविवारपर्यंत मी गाळ्याला आतून रंग दिला, ट्यूबलाइट लावली. वार्निशची भट्टी परसात पत्र्याखाली टाकली, तिथंही ती उत्तम चालते. माझी ती साडेपंधराची देखणी अंगठी कुणाच्याच बोटाची नव्हती. ती मी दुकानात व्हर्नियरच्या खिळ्याला अडकवली. अजून तिथंच आहे. जुनी कॉइल मोजायच्या आधी मी आता शेतकऱ्याला चार गोष्टी विचारतो. विहीर तीच का, पाणी किती खाली गेलंय, पाइप बदलली का. निम्म्या वेळा उत्तर वेगळं निघतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. परवा खानापूरकडचे एक जुने बागायतदार मोटर घेऊन आले. बरोबर त्यांचे जावई होते, पुण्याचे. माझी ओळख करून देताना म्हातारबा मोठ्या कौतुकानं म्हणाले, "हेच ते मिस्त्री. दुष्काळात एका महिन्यात बेचाळीस मोटारी भरल्या या माणसानं. एकट्यानं!"

"एकट्यानं नाही," मी म्हणालो. "दोघांनी. सगळ्या मोटारी मालननं उपसल्या, मी नुसत्या भरल्या. खोटं वाटत असेल तर शेजारच्या गाळ्यात जाऊन तिचं बोट बघून या. पण चपला बाहेर काढा. खाली मणी सांडलेले असतात."